तेरा टक्के

शिळफाट्याला गाडी दाखवते तेरा टक्के.
एसी बंद करतो, काचा खाली.
शेजारी बाबा, आत्याकडून परतताना
मांडीवर सुक्या जवळ्याची पिशवी.
आता वासासकट तेरा टक्के.

"चालू हाय का बंद?"
हे त्यांनी देसाई गावात विचारलं होतं,
गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर.

तुर्भ्याच्या गॅरेजात चौतीस वर्षं
हसुराम फिटर म्हणजे कान.
गिऱ्हाइकाने नाक्यावर गियर बदलला
की इकडे पाना काढून ठेवलेला.
टॅपेट, बेअरिंग, तिसऱ्या सिलिंडरचा खोकला.
ही गाडी दारात आली त्या दिवशी
त्यांनी बॉनेट उघडायला लावलं,
वाकून बराच वेळ ऐकत राहिले,
मग हळूच मिटलं,
आत कुणी झोपलंय म्हणून दार लोटावं तसं.

मलाही कुठे सवय होती.
घणसोलीत मांजरं गाडीखाली झोपतात,
निघण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारतो.
रबाळ्याच्या मॅडम फोनवर ओरडतात, कुठे आहात तुम्ही?
मॅडम, तुमच्या मागे.
सोसायटी प्लग देत नाही.
सेक्रेटरी म्हणतो, आज तुम्ही, उद्या सगळे.
म्हणून रात्री दीडला चार्जरवर रांग:
वाजिद, सुदाम गावंड,
आणि प्रणिता, जी सीट मागे पाडून
पन्नास मिनिटांचा अलार्म लावते
नि एकोणपन्नासाव्याला उठते.
तिथे कुणी कुणाला धंदा किती झाला विचारत नाही.
किती टक्के, एवढंच.

चढावर बारा. अकरा.
पायाखाली अंडं असल्यासारखा ॲक्सिलरेटर दाबतो.
बाबा बोलत नाहीत. मीही नाही.
टेम्पोत आमच्या मध्ये इंजिन असायचं.
ओरडून बोलायचो: चहा? हो! डावीकडे? हो!
बाकीचं सगळं इंजिनावर ढकललेलं,
ऐकू आलं नाही, असं म्हणता यायचं.
आईच्या शेवटच्या महिन्यात, ठाण्याहून येताना,
कळव्याच्या पुलावर मी काहीतरी बोललो होतो त्यांना.
ऐकू गेलं होतं का,
हे आता विचारता येईल
इतकं शांत आहे.

दहा.

उतार लागतो. पाय काढतो.
दहाचे अकरा होतात.
"बघा, परत भरतेय."
"उतरताना डिझेल टाकीत परत आलेलं पाह्यलंय कुणी?"
अकराचे बारा.
ते आकड्याकडे बघतात, मग माझ्याकडे,
जणू मी कुणाच्या तरी खिशातून काढतोय.

महाप्याच्या पायथ्याशी हात वर करतात. थांब.
"मागचा डावा. वाजतोय."
मला काही ऐकू येत नाही.
पुढे घे. थांब. जरा मागे. आता पुढे.
टक. टक.
टायरच्या खाचेत खडा, हरभऱ्याएवढा.
"किल्ली दे."
किल्ली म्हणजे माझ्याकडे एक कार्ड.
ते स्वतःच्या खिशातून जुडगा काढतात,
टेम्पो भंगारात जाऊन सहा वर्षं झाली,
त्याची किल्ली अजून त्यात, घासून गुळगुळीत.
तिनेच खडा उपसतात,
दिव्याच्या खांबाखाली गुडघ्यावर बसून,
एमआयडीसीचे ट्रक शर्ट उडवत जाताहेत,
जवळ्याची पिशवी माझ्या हातात.

विचारायचं राहिलं.

खडा त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला. तिथेच आहे.
पाम बीचच्या वळणावर खडखडत उजवीकडे जातो,
सानपाड्याला परत येतो.
भाऊ, कसला आवाज येतोय, प्रवासी विचारतात.
मी म्हणतो, बघून घेतो.